पौषातला कॅमेरा

पौष लागला की आमच्या स्वयंपाकघराच्या आग्नेयेकडच्या खिडकीतून ऊन आडवं आत येतं. एरवी वर्षभर ते गजांशी थांबून परत जातं. पौषात मात्र ओट्यावरून खाली उतरतं, पिठाच्या डब्याला वळसा घालतं आणि बरोबर जिथं परात ठेवायची तिथं येऊन बसतं. साडेआठ ते सव्वानऊ. पाऊण तास. यंदाही आलं. मी लसूण सोलत होते, पाकळी हातातच राहिली. सून म्हणाली, आई, काय बघताय एवढं? म्हटलं, ऊन बघतीय. ती हसली. उन्हात बघण्यासारखं काय असतं, असं तिला वाटलं असणार. वाटू दे. त्या पाऊण तासासाठी मी एके काळी नवऱ्याशी भांडले आहे, पुण्याच्या साहेबाशी भांडले आहे, आणि वेळ आली तेव्हा पदर खोचून एसटीत बसले आहे.

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं घर सणसरला. आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ बारामतीला, एसटी स्टँडच्या मागच्या बोळात. एक पडदा, त्यावर रंगवलेला धबधबा, एक आरसा, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा आणि पावडरीचा डबा. पासपोर्ट फोटो, शाळेचे ग्रुप फोटो आणि लग्नं. चांगला कॅमेरा एकच. लग्नसराईत तो ह्यांच्या गळ्यातून उतरायचा नाही. पण पौषात लग्नं नसतात, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्यामुळं पौष आला की कॅमेरा मोकळा. बाकी बायका पौषाला भाकड महिना म्हणायच्या. मला तो एकच दुभता महिना होता.

शाळा माझी सातवीपर्यंत. कॅमेरा मला कुणी शिकवला नाही. फिल्मच्या डबीबरोबर एक कागद यायचा, सगळा इंग्रजीत, पण त्यावर चार चित्रं असायची. लख्ख सूर्य, ढगातला सूर्य, नुसता ढग, आणि सावलीतलं घर. प्रत्येक चित्राखाली आकडा. हे जेवायला बसले की मी विचारायची, हा आकडा कुठं फिरवायचा? हे घास घेता घेता दाखवायचे. त्यांना वाटायचं, बायकोला हौस आहे. हौस कसली! मला दिसत होतं ते त्यांच्या फोटोत येत नव्हतं, एवढंच. ह्यांचं एकच, दिसेल त्यावर फ्लॅश मारायचा. नवरीवर फ्लॅश, नवरदेवावर फ्लॅश, बुंदीच्या ढिगावर फ्लॅश. बुंदी अशी दिसायची, जशी चोरी करताना पकडली आहे.

आता पेढीचं सांगते, नाहीतर आजच्या पोरांना कळायचं नाही. तेव्हा फोटोंच्या पेढ्या असायच्या. कपाटंच्या कपाटं भरून फोटो. कुणाला कॅलेंडर छापायचंय, कुणाला मसाल्याच्या पाकिटावर चित्र हवंय, तो पेढीत जायचा, कपाटातनं हवा तो फोटो निवडायचा, छापण्याचं भाडं भरायचा. फोटो आधीच काढून तयार, गिऱ्हाईक मागून. तयार कपड्यांच्या दुकानासारखं. आता हे सगळं कॉम्प्युटरवर चालतं म्हणतात. तेव्हा त्यासाठी कागदावरचा फोटो चालायचा नाही, स्लाइड लागायची. बोटभर पारदर्शक तुकडा, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला, उजेडाकडं धरून बघायचा.

पुण्याच्या अशाच एका पेढीचे मालक माळेगावला साखर कारखान्याचे आणि उसाच्या गाड्यांचे फोटो काढायला आले होते. सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणायचे. बॅटरी संपली म्हणून ते आमच्या स्टुडिओत शिरले. तिथं भिंतीवर मी काढलेला एक फोटो होता, तव्यावर टम्म फुगलेली भाकरी. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि ह्यांना म्हणाले, कुणी काढला असेल त्यानं जेवणाचे आणखी पाठवावेत, गावाकडच्या जेवणाला मागणी आहे. पण नीट पाहिजेत.

ह्यांनी घरी येऊन सांगितलं ते कपाळाला आठ्या घालून. स्लाइडची फिल्म महाग. ती धुवायची सोय बारामतीत नाही, पुण्याला पाठवायला लागायची. आणि एवढं करून काय, तर भाकरीचे फोटो.

"ह्यो एक पौष," हे म्हणाले. "ह्या पौषात पेढीनं एक जरी ठेवून घेतला तर बघू. न्हाय घेतला, तर कॅमेरा परत चुलीजवळ न्यायचा न्हाय. परत इषय काढायचा न्हाय."

मी म्हटलं, व्हय. मनात म्हटलं, बघूच.

फिल्मचा पहिला रोळ सगळाच्या सगळा परत आला. छत्तीसच्या छत्तीस. सोबत अण्णासाहेबांचं पत्र, अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर करवतीसारखा. स्टीलच्या ताटात फोटो काढणाऱ्या बाईंचं डोकं दिसतंय. पिठलं फ्लॅशनं पांढरं पडलंय. बल्बच्या उजेडात काढलेल्या सगळ्या भाज्यांना कावीळ झालीय. मला राग आला आणि मग एकेक स्लाइड खिडकीशी धरून पाहिली, तर खरंच होतं सगळं. आमटीच्या वाटीत माझं कुंकू दिसत होतं. खोटं कशाला सांगू, रडलेही थोडी. पण पौषाचे अजून वीस दिवस बाकी होते.

मग शिकले. कसं शिकले म्हणाल, तर स्वयंपाक शिकतात तसं. करून, बिघडवून. फ्लॅश ह्यांच्या बॅगेत परत टाकला तो कायमचा. स्टीलची ताटं मांडणीवर गेली, माळ्यावरची लाकडी काठवट आणि मातीची परळं खाली आली. खिडकीला ह्यांचं जुनं धोतर बांधलं, त्यातनं ऊन गाळून घेतलं. ताकासारखं झालं ते. ताटाच्या ज्या बाजूला अंधार पडतो, तिथं स्टुडिओतला तो कंगवा बांधलेला आरसा आणून टेकवला. आता बारामतीत लोक भांग कशात पाडतात, असं हे विचारायचे. आठ दिवस बिनभांगाचे फोटो काढा म्हटलं.

आणि वाफ. वाफ पकडायची म्हणजे मागं काळं लागतं. आमचे सासरे मेंढरं राखायचे, त्यांच्या पाठीवरची घोंगडी घरात होती, काळीभोर. ती मागं टांगली आणि पुढं कढईतून पिठलं उतरवलं, तर वाफेचा एकेक धागा मोजून घ्यावा असा. हरभऱ्याच्या भाजीची वाफ जाड आणि आळशी असते, पिठल्याची उड्या मारत जाते, नुसत्या भाकरीची बघता बघता नाहीशी होते. मी इतकी वर्षं रांधत होते आणि मला हे माहीत नव्हतं. भिंगातून पाहिल्यावर कळलं. एवढ्यासाठीसुद्धा तो पौष मी कुणाला परत द्यायची नाही.

आमच्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. मेंढरांमागं आयुष्य गेलेली बाई, उन्हानं रापलेली, दोन्ही हातांवर गोंदण, उजव्या हाताची करंगळी वाकडी. कुठल्याशा एडक्यानं लहानपणी मोडलेली. सासरे गेल्यापासून हात मोकळे, बांगडी नाही. शिजल्या अन्नाचा फोटो काढायचा, म्हणजे हजार डोळ्यांची नजर लावून घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. मी फोटो काढला की त्या चिमूटभर मीठ चुलीत टाकायच्या. तडतडलं की म्हणायच्या, बघ, केवढी लागली हुती. पण अडवलं त्यांनी कधीच नाही.

दुसरा रोळही परत आला, पण निम्म्यांबद्दल अण्णासाहेबांनी लिहिलं, उजेड सुधारला आहे, पण अन्न मेलेलं दिसतं. मग त्यांनी उपाय कळवले. भाजी अर्धीकच्ची ठेवावी, रंग राहतो. वरून औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन ब्रशानं लावावं, चमक येते आणि तासभर टिकते. दुधाला साबणाचा फेस. वाफेऐवजी उदबत्ती. मुंबईत सगळे असंच करतात.

मुंबईत सगळे करतात म्हटल्यावर मीही केलं. बारामतीहून ग्लिसरीनची बाटली आणवली. भरली वांगी केली, अर्ध्यातच उतरवली, ब्रश फिरवला. काय चमकली म्हणता! लग्नातल्या वरमाईसारखी. बारा फोटो काढले आणि आरसा जागेवर ठेवायला आत गेले. तेवढ्यात आत्याबाई रानातनं आल्या. समोर वाढलेलं ताट. आमच्यात एक रीत आहे, वाढलेलं ताट उठवायचं नाही, ओस ठेवायचं नाही. घरातलं जे कुणी असेल त्यानं बसून त्याचा मान राखायचा. त्या बसल्या. मी बाहेर येईपर्यंत पहिला घास तोंडात गेलेला.

वांगं कच्चं होतं, त्याचा आवाज मला दारापर्यंत आला. थुंकल्या नाहीत त्या. तोंडातलं अन्न थुंकणं त्यांच्या जन्मात नव्हतं. सावकाश चावलं, पाण्याबरोबर गिळलं.

"वांगं ग्वाड कसं लागतंया गं, सुमे?"

मी सगळं सांगितलं. ग्लिसरीन, ब्रश, मुंबई, सगळं. त्यांनी ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग ह्ये शिजवलंस कुणासाटी?"

ह्याचं उत्तर, खरं सांगते, आजही मुंबईतल्या मोठमोठ्या लोकांकडं असेल असं वाटत नाही. वांगी म्हशीच्या पुढं टाकायचीही छाती झाली नाही, उकिरड्यात पुरली. बाटली खिडकीतून फेकली. आणि ठरवलं, जेवणारं माणूस समोर बसल्याशिवाय फोटो नाही. जे खायचं तेच काढायचं, आणि काढलं की लगेच खायचं. पेढीला चालो न चालो.

आता लोकांना हे गमतीचं वाटेल. आताची रीत उलटी आहे. परवा रानात हुरडा भाजला, शेणीच्या आरात घातलेली कणसं बाहेर काढून हातावर चोळली, गरम दाणे पत्रावळीवर पडले, आणि पाहुण्यांतली एक मुलगी म्हणाली, थांबा, कुणी हात लावू नका. तिनं मोबाईल वरून धरला, खालून धरला, दाणे सारखे केले, बाजूला गुळाचा खडा मांडला, तो काढला, परत मांडला. आम्ही आठ माणसं हात आवरून बसलो. हुरडा म्हणजे चटका बसता बसता खायची वस्तू. गार हुरडा आणि कालचं वर्तमानपत्र, दोन्ही सारखंच. फोटो चांगला आला असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्या फोटोत वाट बघणारी आठ माणसं नव्हती. मला विचाराल तर फोटो तोच होता.

जेवणारं समोर बसवायचं म्हटल्यावर कामाची घाई वाढली. आधी सगळी मांडामांड रिकाम्या ताटावर करायची. आकडे बघून ठेवायचे, आरसा टेकवायचा, पाटावर पाट रचून त्यावर कॅमेरा बसवायचा. मग गरम अन्न वाढायचं आणि दोन-तीन मिनिटांत उरकायचं, कारण समोर भुकेलं माणूस आहे आणि त्याचं जेवण थंड करायचा मला अधिकार नाही. ही दोन-तीन मिनिटं मला पुरायला लागली. चमकीसाठी ग्लिसरीन लागलं नाही, ताज्या फोडणीला तिची स्वतःची चमक असते, तेवढ्या वेळात ती जात नाही. अन्न मेलेलं दिसतं म्हणत होते ना? ते मरायच्या आत फोटो काढायचा, एवढाच उपाय होता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी केल्या. हिरव्या मिरचीचा ठेचा केला, दगडी खलात, लसूण सालासकट. आत्याबाई समोर बसल्या. ऊन काठवटीच्या कडेपर्यंत आलेलं. त्यांनी भाकरी मोडली, तुकडा ठेच्यात दाबला, मी डाव्या हातानं वरून गोडेतेलाची धार सोडली आणि उजव्या हातानं बटण दाबलं. गोंदलेला हात, वाकडी करंगळी, बोटांना लागलेलं पीठ, तेलाची धार आणि त्या धारेत शिरलेलं ऊन. बटण दाबतानाच मला कळलं की हा आला. स्वयंपाक करणाऱ्याला फोडणीच्या आवाजावरून कळतं ना, तसं.

त्या खेपेला पेढीनं अकरा ठेवून घेतले. ठेच्याचा त्यात होता, पण कुरकुर करत. अण्णासाहेबांनी लिहिलं, हात म्हातारा आहे, शिवाय बोडका आहे, जेवणाच्या चित्रात बरा दिसत नाही. हिरव्या चुड्याचा एखादा तरुण हात घेऊन हाच फोटो परत काढावा. मी पोस्टकार्ड टाकलं. लिहिलं की ज्यांची भाकरी त्यांचाच हात आहे, ह्या हातानं चाळीस वर्षं आमचं घर जेवू घातलंय, दुसरा हात मिळणार नाही. पोस्टकार्ड मुद्दाम टाकलं. वाटेत पोस्टमननं वाचलं तरी वाचू दे.

अकराचा आकडा ह्यांनी ऐकला. दुसऱ्या दिवशी बारामतीहून येताना एक नवीन रोळ आणला आणि फडताळात ठेवला, मला न सांगता. आमच्याकडं कौतुक असंच करतात.

फाल्गुनात कारखान्याची धुराडी थंडावायला आली, रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या कमी झाल्या. मी साखर आणायला बशीरभाईंच्या किराणा दुकानात गेले. त्यांनी वजन करता करता मागं बोट दाखवलं. भिंतीवर एका गोडेतेलाच्या कंपनीचं पोस्टर लागलं होतं, दाराएवढं. आणि त्यावर आमचा ठेचा! आमची काठवट, आमची घोंगडी, तेलाची धार.

बशीरभाई म्हणाले, "वैनी, ह्यो हात आत्याबाईंचा न्हाय का? करंगळीवरनं वळखला." मग ते जरा घुटमळले. आवाज खाली आणला. "पर डावा कसा काय वो?"

पाहिलं, आणि खरंच डावा. फोटो उलटा छापला होता. कंपनीला डावीकडं मोठ्या अक्षरात नाव घालायचं होतं, त्या बाजूला आत्याबाईंचा हात होता. म्हणून त्यांनी स्लाइड फिरवून घेतली. काठवटीला, घोंगडीला, ठेच्याला काही फरक पडला नाही. हाताला पडला. आमच्या आत्याबाई दाराएवढ्या होऊन डाव्या हातानं जेवत होत्या.

बशीरभाई भला माणूस. म्हणाले, काढून टाकू का? मी म्हटलं, नको, राहू द्या. साक्षीला.

पिठाच्या गिरणीवर दोन दिवसांत बोभाटा. आत्याबाई, सूनबाईनं डाव्या हातानं जेवायला लावलं व्हय? आत्याबाई, उजवा गहाण ठिवला काय? चेष्टाच ती, गावाची जीभ तेवढीच. पण आत्याबाई बशीरभाईंच्या दुकानात जाऊन स्वतः पाहून आल्या. डाव्या हातानं आयुष्यात त्यांनी कुणाच्या ताटाला शिवलं नव्हतं. वाढायच्या उजव्यानं, पाणी द्यायच्या उजव्यानं, वासराला घास भरवायच्या तोसुद्धा उजव्यानं. दोन दिवसांनी पिठलं केलं, ऊन होतं तेवढं होतं, मी कॅमेरा मांडला आणि त्यांना हाक मारली. त्या आल्या, बसल्या, पण हात पदराखाली. मी म्हटलं, आत्याबाई, हात.

"ह्यो हात आता घरातल्या माणसांपुरता," त्या म्हणाल्या. "भाईर न्हाय जायाचा."

कॅमेरा उचलला आणि पिशवीत ठेवला. त्या दिवशी पिठलं खाल्लं सगळ्यांनी, मला गेलं नाही.

पुण्याला जाते म्हटल्यावर हे भडकले. त्यांचंही चुकीचं नव्हतं, आज मला कळतं. ते म्हणाले, अख्ख्या बारामतीत कुठल्या फोटोवाल्याचं काम असं दाराएवढं लागलंय? आणि तू भांडायला जाणार? ते अकराच्या अकरा हातावर ठेवतील आणि दार लावून घेतील. मग कुठं जाशील? दुसरी पेढी माहीत आहे? नव्हती माहीत. जगात माझ्या फोटोंना दार तेवढं एकच होतं. मी म्हटलं, लावू देत दार. आत्याबाई कोपऱ्यातनं उठल्या, लुगडं झटकलं, म्हणाल्या, हात माजा हाय, मीबी येते.

सणसर ते बारामती, बारामती ते पुणे, एसटीत चैत्राचं ऊन. पेढी एका पेठेत, लाकडी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर. अण्णासाहेब सज्जन माणूस, उगीच वाईट सांगणार नाही. त्यांनी पंखा लावला, चहा मागवला, पोस्टरबद्दल अभिनंदन केलं. मी म्हटलं, फोटो उलटा छापलाय. ते हसले. म्हणाले, बाई, ह्या धंद्यात हे रोज होतं. गिऱ्हाइकाला मजकुराला जागा लागते, तो चित्र फिरवून घेतो. शंभरातल्या एकाच्याही लक्षात येत नाही.

मी म्हटलं, आमच्या गावात सगळ्यांच्या लक्षात आलं.

तेव्हा आत्याबाईंनी पदराखालचा हात काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. करंगळी वाकडी, गोंदण हिरवं पडलेलं. अण्णासाहेब त्या हाताकडं बघतच राहिले. फोटोत ज्याला बोडका म्हणाले होते, तो हात समोर होता.

"तुमी डाव्या हातानं जेवता का, दादा?"

"नाही आजी. पण ते चित्र आहे."

"मग चित्रातली बाई जेवत न्हाय व्हय?"

अण्णासाहेब उठले. मला वाटलं, आता अकरा स्लाइड आणतात आणि हातावर ठेवतात. त्यांनी कपाटाचा एक खण ओढला, जेवणाच्या ताटांचा. त्यातल्या पाच-सहा स्लाइड खालून दिवा लावलेल्या काचेवर टाकल्या आणि मला म्हणाले, ह्यात उलटी कुठली, सांगा बघू. परीक्षाच ती. मी वाकले. त्यातलं एक ताट मोठ्या घरचं होतं, चांदीचं, त्यात केळीचं पान घालून वाढलेलं. मीठ आणि लिंबू मधोमध. पण चटणी-कोशिंबीर उजवीकडं आणि भाज्या डावीकडं. कुठल्या घरात असं वाढतात? म्हटलं, हे उलटं. आत्याबाईंना स्लाइड दिसेना, पण त्यांनी माझ्या सांगण्यावरनं मान हलवली, म्हणाल्या, असं वाढणाऱ्या सुनेला पंगतीतनं उठवतील. अण्णासाहेबांनी ती स्लाइड चिमट्यानं उचलली, तिरपी धरून बघितली. फिल्मला एक बाजू चकचकीत असते, एक मंद. चकचकीत बाजू आपल्याकडं आली की चित्र सरळ. त्यांच्याच माणसानं चौकटीत उलटी बसवलेली होती. किती वर्षं कपाटात होती आणि किती ठिकाणी छापून गेली असेल, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग मी माझी अट सांगितली. माझ्या प्रत्येक स्लाइडच्या चौकटीवर लिहायचं, उलटा छापू नये. ते म्हणाले, अशी अट कुठलाच फोटोग्राफर घालत नाही. तुमचे फोटो कुणी घेणार नाही, कपाटात पडून राहतील. मी म्हटलं, राहू देत. पडून राहतील ते सरळ पडून राहतील. आवाज माझा कापत होता, पण कापऱ्या आवाजात म्हटलेलं मागं घ्यायचं असं कुठं आहे?

त्यांचं म्हणणं काही खोटं ठरलं नाही. तेलाच्या कंपनीनं माझा परत एकही फोटो घेतला नाही. बशीरभाईंच्या दुकानात ते पोस्टर दोन वर्षं होतं, धुरानं काळं पडेपर्यंत, आणि छापून गेलेलं काही परत येत नाही. पुढच्या पौषात हुरड्याचे, त्याच्या पुढच्या पौषात गुऱ्हाळाचे, असे मी पाठवत राहिले. दहा ठेवले तर वर्षभरात एखादा जायचा. आत्याबाई बसायच्या समोर, हात बाहेर. हे रोळ आणायचे आणि न बोलता फडताळात ठेवायचे. कुणी म्हणेल, एवढ्या हट्टानं काय मिळवलंस? मिळवायला गेलेच नव्हते मी. ज्या घरानं मला जेवू घातलं, त्याचं जेवण जगानं बघायचं असेल तर जसं आहे तसं बघावं, एवढंच माझं म्हणणं होतं. अजूनही आहे.

तर त्या दिवशी, पेढीत. अण्णासाहेबांनी माझ्या अकरा स्लाइड पुढ्यात ठेवल्या, टोकदार पेन दिलं आणि म्हणाले, लिहा बाई, पण कोपऱ्यात, बारीक लिहा. चौकटीवर पेढीचा शिक्का मारावा लागतो, त्याला जागा सोडा. मी चष्मा पुसला. पहिल्या चौकटीवर लिहिलं, हा हात उजवा आहे, उलटा छापू नये. सातवीतलं माझं अक्षर मुळातच मोठं, त्यात मी आणखी मोठं काढलं. चारी कडा भरल्या. दुसरी भरली, तिसरी भरली. अण्णासाहेब शिक्का हातात घेऊन उभे. अकरावी झाल्यावर त्यांनी एक चौकट उचलली, फिरवून फिरवून बघितली, शिक्क्यापुरती जागा कुठं उरली नव्हती. मग त्यांनी अकराही स्लाइड पालथ्या घातल्या आणि पेढीचा शिक्का मागच्या बाजूला मारला.